नंबर बरोबर, चष्माही लावला. तरी मुलाला दिसत का नाही?

प्रश्न : माझा मुलगा पावणेसहा वर्षांचा आहे. आम्ही संकेश्वरजवळ राहतो. घरी मराठी, शाळा कन्नड. शाळेत तपासणीला आलेल्या पथकानं उजव्या डोळ्यानं कमी दिसतं म्हणून चिठ्ठी दिली. बेळगावात दाखवलं. डोळ्यांत औषध घालून नंबर काढला : उजव्याला प्लस साडेचार, डाव्याला प्लस एक. पण चष्मा लावूनही उजव्यानं 6/24 च दिसतं (म्हणजे इतरांना चोवीस मीटरवरून दिसतं ते त्याला सहा मीटरवरून), डाव्यानं 6/9. डॉक्टर म्हणाले, डोळा आतून निरोगी आहे, पण 'आळशी' झालाय. चार महिने चष्मा लावा, मग लागली तर चांगल्या डोळ्यावर पट्टी. सासूबाई म्हणतात, सासऱ्यांचाही एक डोळा असाच होता, रक्तातलं आहे, पट्टीनं काय होणार? उलट चांगला डोळाही जाईल. शेजारी म्हणतात, अठरा झाल्यावर लेझर करून टाका. नंबर बरोबर आहे तर चष्म्यानं लगेच का दिसत नाही? आणखी एक. कन्नडच्या बाई म्हणतात, त्याला आखूड 'ए' आणि लांब 'ए' यांतला फरक ऐकूच येत नाही. कानही दाखवावा का? धाकटी मुलगी दोन वर्षांची आहे, तिचं काय करू?
– एक आई, हुक्केरी तालुका

उत्तर : चष्मा डोळ्याच्या पडद्यावर चित्र स्पष्ट पाडतो. त्याचं काम तिथं संपतं. त्या चित्रातलं अक्षर ओळखायचं काम मेंदूच्या मागच्या भागात होतं, आणि ते काम मेंदू पहिल्या काही वर्षांत रोज बघून बघून शिकतो. तुमच्या मुलाच्या मेंदूला उजव्या डोळ्याकडून आजवर धूसर चित्रच मिळालंय. कारण साधं आहे. प्लस नंबरचा लहान मुलगा डोळ्यातल्या भिंगावर जोर देऊन चित्र स्पष्ट करून घेतो, पण हा जोर दोन्ही डोळ्यांना सारखाच लागतो, एकाला जास्त एकाला कमी असा देता येत नाही. डाव्याचं एका नंबरात भागलं की मेंदू थांबतो. उजवा साडेतीन नंबरांनी मागे राहतो तो राहतोच, जवळचं बघताना आणि लांबचं बघतानाही. डोळे तिरळे दिसत नाहीत, मूल तक्रार करत नाही, कारण त्याला दोन्ही डोळ्यांनी मिळून छान दिसत असतं. म्हणून घरात कुणालाच कळलं नाही. त्यात तुमची काही हयगय नाही.

पुढचं समजायला हिडकलच्या कालव्याचा पाट डोळ्यांसमोर आणा. एका पाटावर दोन शेतं असली आणि वरच्यानं रोज बारं मोडून पाणी घेतलं, तर टेलच्या शेताची सरी कोरडी पडते, आणि पुढं पाणी सोडलं तरी बुजलेल्या सरीतून ते जात नाही. मेंदूत दोन डोळ्यांचं तसंच होतं. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल या दोघांनी 1960 च्या दशकात मांजरीच्या पिल्लांवर हे दाखवलं. पहिले काही आठवडे पिल्लाचा एक डोळा शिवून बंद ठेवला. टाके काढले तेव्हा डोळा धडधाकट होता, पण मेंदूतल्या पेशी त्या डोळ्याला जवळजवळ दादच देईनात. त्यांचा ताबा उघड्या डोळ्यानं घेतलेला. मोठ्या मांजराचा डोळा तसाच बंद ठेवला तर काही बिघडलं नाही. आणि दोन्ही डोळे बंद ठेवलेल्या पिल्लांचं नुकसान एक बंद ठेवलेल्यांच्या मानानं कमी निघालं. म्हणजे नुसतं न वापरल्यामुळं डोळा मागे पडत नाही, शेजाऱ्यानं जागा बळकावल्यामुळं जास्त पडतो. पट्टी कशासाठी, याचं उत्तर इथंच आहे. दोघांना 1981 चं नोबेल मिळालं.

सासूबाई पूर्ण चुकीच्या नाहीत, हे त्यांना आधी सांगा. पुढचं ऐकून घेतील. डोळ्याची लांबी, त्याचा नंबर, दोन डोळ्यांतला फरक हे घराण्यात येतं. मेंदूचं मूळ जाळंही जन्मतःच विणलेलं असतं : ह्यूबेल-वीझेलना अजून काहीही न पाहिलेल्या पिल्लांच्या मेंदूतसुद्धा आडव्या-उभ्या रेघांना दाद देणाऱ्या पेशी सापडल्या होत्या. पण 6/24 ही दृष्टी रक्तातली नव्हे. रक्तातला प्लस साडेचार, आणि सहा वर्षं चष्म्याविना गेली म्हणून 6/24. सासऱ्यांच्या लहानपणी शाळेत तपासायला कुणी येत नव्हतं, एवढाच फरक. जिभेचं उदाहरण त्यांना लगेच पटेल. तान्ह्या बाळाला गोड आवडतं आणि कडवट लागलं की ते तोंड वाकडं करतं, हे कुणी शिकवत नाही. (हे करून बघायला मध चाटवू नका, वर्षाच्या आत तो धोक्याचा.) पण जन्मतः तिखट आवडणारं मूल कुठं असतं? संकेश्वरी मिरचीची गोडी ताटावर बसून बसूनच लागते.

तरीही सगळंच शिकून येतं असंही नाही, आणि उशिरा शिकलं तरी सगळं येतंच असंही नाही. याचा उत्तम दाखला आपल्याच देशातला आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाचे पवन सिन्हा यांचा 'प्रोजेक्ट प्रकाश' दिल्लीत चालतो. जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या, आठ-दहा ते सतरा वर्षांच्या मुलांवर शस्त्रक्रिया करून मग ती काय कसं बघतात हे त्यात अभ्यासलं गेलं. हातानं चाचपलेली वस्तू समोरच्या दोन वस्तूंमधून नजरेनं ओळखा, असं सांगितलं तर शस्त्रक्रियेची पट्टी काढल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत मुलांचं उत्तर अंदाजपंचेच येई. काही दिवसांतच ते जमू लागलं. 2011 चा हा अभ्यास. उलट, दोन सारख्याच रेघा लहान-मोठ्या भासवणाऱ्या चित्रांत मात्र ही मुलं पहिल्या दिवसापासून तुमच्याआमच्यासारखीच फसली. तेवढं जन्मतः तयार होतं. आणि बारीक दिसणं, म्हणजे तक्त्यावरच्या खालच्या ओळी, ते मात्र बहुतेकांचं पुरतं भरून आलं नाही. तुमच्या मुलाचं जे अडलंय ते नेमकं हे तिसरं. म्हणून घाई आहे. आणि वय पावणेसहा म्हणून उमेदही.

आता चष्मा. पहिले चार महिने खरा उपचार तोच आहे. अशा मुलांपैकी साधारण पाव मुलांची दृष्टी नुसत्या चष्म्यानं दुसऱ्या डोळ्याच्या बरोबरीला येते आणि पट्टी लागतच नाही. बाकीच्यांचीही ओळ-दोन ओळी वर सरकते. पण चष्मा उठल्यापासून झोपेपर्यंत हवा, अंघोळ सोडून. 'फक्त अभ्यासाला' लावला तर फुकट. काच पॉलिकार्बोनेटची, म्हणजे सहज न फुटणाऱ्या प्लास्टिकची घ्या. फोडायची हौस मुलांना असतेच, पण खरं कारण वेगळं : सध्या त्याच्याकडे भरवशाचा डोळा एकच आहे. विटीदांडू, धनुष्यबाण, दिवाळीतले फटाके यांपासून तो डावा जपायचा. फ्रेम नाकावरून घसरत असेल तर मूल काचेच्या वरून बघतं आणि नंबर असून नसल्यासारखा होतो. बाहुली काचेच्या मध्यावर येतेय का हे समोरून बघा, गरज पडली तर मागून इलॅस्टिकचा पट्टा लावा. पहिले आठ-दहा दिवस 'चष्म्यानं धूसर दिसतं' म्हणेल. जोर द्यायची सवय सुटायला तेवढे दिवस लागतात. तीन आठवड्यांनंतरही म्हणत असेल तर दुकानात काचेचा नंबर चिठ्ठीशी ताडून घ्या. डावी-उजवी काच अदलाबदल झालेलीही सापडते. नंबर औषध घालून काढला हे उत्तम झालं. लहान मुलाचा प्लस नंबर औषधाविना, नुसत्या मशीनवर काढला तर कमी येतो, कारण मूल त्या मशीनकडे बघतानाही जोर देत असतं.

सहा ते आठ आठवड्यांनी दाखवायला जाल तेव्हा दोन गोष्टी मागून घ्या. एक, तक्ता. कन्नड अक्षरं त्याला अजून धड येत नसतील तर कन्नड तक्त्यावर दृष्टी खरी आहे त्यापेक्षा कमी नोंदली जाते. घाबरलेल्या मुलाचं इंग्रजी अक्षरांवरही तेच. चारी दिशांना तोंड फिरवलेल्या इंग्रजी 'ई'चा (E) तक्ता मागा, त्यात बोटांनी फक्त दिशा दाखवायची असते. किंवा घर, सफरचंद, गोल, चौकोन अशा चित्रांचा तक्ता. घरी तीन बोटं धरून 'ई'चा सराव करून गेलात तर दवाखान्यात रडारड होत नाही. दोन, अक्षरं पूर्ण ओळीत दाखवायला सांगा, एकेक झाकून नव्हे. आळशी डोळा सुटं अक्षर बरं वाचतो आणि शेजारी अक्षरं आली की गोंधळतो. सुट्या अक्षरांवर मोजलं तर सुधारणा खोटीच मोठी दिसते. कार्डावर प्रत्येक वेळी दोन्ही डोळ्यांचे आकडे लिहून घ्या.

चार महिन्यांनी आकडा पुढं सरकायचा थांबला आणि फरक उरला, तर पट्टी. उजवा 6/24 च्या आसपास असेल तर दिवसाला दोन तास पुरतात. सहा तासांशी तुलना करून बघितलेलं आहे : चार महिन्यांत दोन्हीकडे सरासरी जवळजवळ अडीच ओळींची सुधारणा, म्हणजे सारखीच. (दृष्टी 6/30 किंवा त्याहून खाली असेल तर सुरुवातीलाच सहा तास सांगतात.) पट्टी डाव्या डोळ्यावर थेट कातडीला चिकटणारी घ्या, तिच्यावर चष्मा. काचेवर कापड किंवा कागद लावला की मूल नाकाच्या बाजूच्या फटीतून डाव्यानंच बघतं, आणि 'सहा महिने पट्टी केली, काही फरक नाही' ही तक्रार बहुतेक वेळा तिथूनच येते. मान एका बाजूला वळवून बघू लागला की समजा, फट सापडलीय. पट्टी काढताना कोमट पाण्यानं भिजवा, कानाकडून नाकाकडं हळू सोडवा; खोबरेल तेल नंतर लावा, आधी लावलं तर पट्टी चिकटणार नाही. कातडी लाल झाली तर दोन दिवस थांबा, दुसऱ्या जातीची पट्टी बघा.

पहिल्या दिवशी दोन तास होणार नाहीत. त्याचा चांगला डोळा झाकताय, चिडणारच. वीस मिनिटांनी सुरू करा, दर दोन-तीन दिवसांनी वाढवा. वेळ शाळेनंतरची ठेवा. वर्गात फळा दिसला नाही तर पोरं चिडवतात, मग पट्टीही सुटते आणि चष्माही. पट्टी असताना जिना, सायकल, रस्ता नको. त्या वेळात काय करावं? शेंगा निवडणं, मणी ओवणं, रंगवणं असं जवळचं काम बहुतेकजण सांगतात. मात्र जवळचं काम आणि लांबचं बघणं यांची तुलना झाली तेव्हा निकाल सारखाच आला. तेव्हा ज्यात तो रमेल ते करू द्या, अंगणात आज्जीबरोबर बसून गोष्टी ऐकत चित्रं बघितली तरी चालेल. तास भरले पाहिजेत.

पट्टी अजिबातच ठेवत नसेल तर ॲट्रोपिन 1 टक्क्याचे थेंब हा पर्याय आहे : शनिवारी-रविवारी एकेक थेंब चांगल्या डोळ्यात, म्हणजे त्या डोळ्याला जवळचं धूसर दिसतं आणि मेंदूला उजव्याकडे वळावं लागतं. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नाही. थेंब टाकल्यावर मिनिटभर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बोटानं दाबून धरा, उन्हात टोपी द्या. चेहरा लाल झाला, ताप आला, तोंड कोरडं पडलं तर बंद करून कळवा. आणि बाटली कपाटात वर, कुलपात. धाकटी दोन वर्षांची आहे. ॲट्रोपिन पोटात जाणं तिच्या जिवावर बेतू शकतं.

चांगला डोळा जाईल ही भीती अगदी निराधार नाही, म्हणून तिचं उत्तर नीट देते. फार लहान मुलांना दिवसभर पट्टी ठेवून तपासणी चुकवली तर चांगल्या डोळ्याची दृष्टी उतरू शकते. दोन तासांत हे क्वचित होतं, आणि झालं तर पुढच्या तपासणीत आकड्यात दिसतं, पट्टी थांबवली की भरूनही येतं. म्हणून सहा-आठ आठवड्यांची तारीख चुकवायची नाही, उसाची तोड असो की घरात लग्न. दुसरी चूक शेवटी होते. डोळा 6/9 ला आला की घरचे आनंदानं पट्टी फेकतात. एकदम थांबवलं तर चारातल्या एखाद्याची दृष्टी वर्षभरात परत घसरते, विशेषतः सहा तासांची पट्टी अचानक सुटली तर. तास हळूहळू कमी करा, चष्मा मात्र चालूच, आणि नंतरचं वर्षभर अधूनमधून दाखवत राहा.

लेझरचा सल्ला शेजाऱ्यांना परत करा. लेझर बुबुळाचा आकार बदलून चष्म्याचा नंबर घालवतं. अठराव्या वर्षी नंबर गेला तरी मेंदू न शिकलेलाच राहील, आणि बिनचष्म्याचं 6/24 दिसेल. मध, एरंडेल, गुलाबपाणी, डोळ्यांचे व्यायाम यांनीही हा आजार हलत नाही; डोळ्यात घातलेल्या घरगुती गोष्टींनी बुबुळाला जखमा मात्र होतात. 'सातच्या पुढं काही उपयोग नाही' हेही जुनं झालं. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सात ते बारा वयाच्या मुलांत चष्म्याबरोबर पट्टी आणि थेंब दिले तर निम्म्याहून थोड्या जास्त मुलांना दोन ओळी किंवा त्याहून अधिक फायदा झाला. नुसत्या चष्म्यानं पाव मुलांना. तेराच्या पुढं मात्र, आधी कधीच उपचार न झालेली मुलं सोडली तर, फारसं हाती लागलं नाही. गावात अशी नऊ-दहा वर्षांची पोरं असतील तर त्यांच्या आयांना हे सांगा.

आता कान. बाईंचं निरीक्षण बरोबर असणार, निष्कर्ष बहुधा नाही. कन्नडमध्ये 'बेळे' आखूड म्हटलं तर शेतातलं पीक, 'बेऽळे' लांबवलं तर डाळ. 'केरे' तळं, 'केऽरे' धामण. 'कोडु' म्हणजे दे, 'कोऽडु' म्हणजे शिंग. मराठीत ए आणि ओ लांब-आखूड केल्यानं शब्द बदलत नाही, त्यामुळं मराठी घरात वाढलेला कान त्या फरकाकडं दुर्लक्ष करायला शिकलेला असतो. कन्नड घरातल्या मुलाला आपल्या 'चाक'मधला आणि 'चार'मधला च असाच एकसारखा वाटतो. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी 1984 मध्ये दाखवलं की कॅनडातल्या इंग्रजी घरांतली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतले त आणि ट वेगळे ओळखतात. दहा-बारा महिन्यांची झाली की त्यांतली बरीच ओळखेनाशी होतात. कान तोच, रोज काय ऐकू येतं त्यावर मेंदू चाळणी लावतो. ही चाळणी डोळ्याइतकी हट्टी नसते, सहाव्या वर्षी सहज सैल होते.

कन्नड बोलणाऱ्या चार-पाच वेगवेगळ्या माणसांकडून, बायका-पुरुष-मुलं सगळी, वरच्यासारख्या पाच-सहा जोड्या मोबाइलवर बोलून घ्या. एकाच आवाजावर सराव केला तर मूल तो आवाज शिकतं, फरक नाही. पीक-डाळ, तळं-धामण अशी चित्रं काढून समोर ठेवा, शब्द वाजवा, त्यानं बोट ठेवायचं, लगेच बरोबर की चूक सांगायचं. आधी जरा ताणून म्हटलेले शब्द, मग नेहमीच्या बोलण्यातले. रोज दहा मिनिटं, बोलायची सक्ती नको. आधी ऐकू येऊ दे, जीभ मागून येते. बाईंना फळ्याजवळचा बाक मागा, तोंड दिसलं की आवाज कळायला सोपा जातो, आणि उजवा डोळा सुधारेपर्यंत ते बरंच आहे.

मागून हाक मारल्यावर वळत नसेल, टीव्ही मोठा करत असेल, सर्दीनंतर कानाला दडे बसल्यासारखं करत असेल, कान वाहत असेल, किंवा हातभर अंतरावरून मागून कुजबुजत म्हटलेले साधे मराठी शब्द एकेक कान झाकून त्याला परत सांगता येत नसतील, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. यातलं काही नसेल तर तपासणीची गरज नाही.

धाकटीला मात्र पुढच्या खेपेला बरोबरच न्या, ती शाळेत जाईपर्यंत थांबू नका. तिला अक्षरं वाचावी लागत नाहीत. औषध घालून, डोळ्यावर उजेड टाकून नंबर काढता येतो. औषधानंतर काही काळ तिला ऊन सहन होणार नाही, तेव्हा सकाळची बस धरा आणि ओढणी जवळ ठेवा. तोवर घरी एवढं बघा : ती खेळात असताना तळव्याची वाटी करून आधी एक डोळा झाका, मग दुसरा. एक झाकल्यावर गप्प आणि दुसरा झाकल्यावर हात ढकलून रडत असेल, तर ज्या डोळ्याला ती झाकू देत नाही तोच तिचा चालता डोळा. आणि फ्लॅश मारून काढलेल्या तिच्या फोटोत एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी दिसली, तर पुढच्या खेपेची वाट न बघता त्याच आठवड्यात बेळगाव गाठा.